पिंपातलं जुनं रेझिन

नोना कामाकेयाला वास येत नाही, हे सगळ्या नानाकुली गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. सहा वर्षं तिने ते झाकून ठेवलं होतं, आणि झाकण्यात ती भलतीच तरबेज झाली होती. कुणी जेवायला बोलावलं की भांड्यावर वाकून आधी दोन क्षण डोळे मिटायची, मग तारीफ करायची. कुठे काही करपलं की बाकीच्यांची तोंडं बघून आपलंही नाक मुरडायची. आता खरं सांगायचं तर यात लाजण्यासारखं काय होतं? पंचवीस वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये रेझिनच्या वाफेत उभं राहिलं तर नाक कुणाचंही जाणार. पण नोनाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिच्या धंद्यात नाकाशिवाय माणूस म्हणजे अर्धा माणूस.

धंदा सर्फबोर्डला काच चढवायचा. कोरलेला फोमचा बोर्ड घोडीवर आडवा टाकायचा, वर काचेच्या धाग्यांचं पांढरं कापड अंथरायचं, रेझिनमध्ये ते घट्ट करणाऱ्या हार्डनरचे थेंब घालायचे आणि ते थिजायच्या आत रबरी पट्टीने कापडात जिरवायचं. पंधरा मिनिटं मिळतात. त्यात चुकलात तर बोर्ड गेला. नोना आधी होनोलुलूला अननसाच्या कारखान्यात होती, डबे भरायला. लग्न झाल्यावर नवरा एलायजा बोर्ड कोरायचा आणि त्यावर काच चढवायचं काम हिने उचललं. सुरुवातीला पोरं दात काढायची, बाईने काच चढवलेल्या बोर्डवरून माकाहाच्या किनाऱ्यावरच्या लाटेत जायचं म्हणजे पोळपाटावरून जायचं. मोठ्या लाटांचे दोन हिवाळे गेले आणि त्याच पोरांचे दुसऱ्यांकडचे बोर्ड मोडले. हिचे मोडले नाहीत. मग तीच पोरं शेडबाहेर अनवाणी उभी राहायला लागली आणि आंटी आंटी करायला लागली.

एलायजाने तिला एक शिस्त लावून दिली होती. रेझिन जुनं असलं, नाहीतर कुठे कसंतरी पडून राहिलेलं असलं, तर तीन परीक्षा घ्यायच्या. पहिली नाकाची. चांगल्या रेझिनचा वास कपाळात जातो, बिघडलेल्याचा मंद येतो, आंबूस. दुसरी पेल्याची. कागदी पेल्यात थोडं घेऊन हार्डनर घालायचा, किती वेळात थिजतं ते बघायचं. तिसरी कापडाची. फोमच्या तुकड्यावर एक थर चढवायचा, रात्र आणि अर्धा दिवस जाऊ द्यायचा, मग कोपऱ्याला नख लावून उचलून बघायचं. तिन्हींत पास झालं तर वापरायचं, एकीत जरी नापास झालं तर खड्ड्यात ओतायचं. एलायजा जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण त्या शिस्तीवर नोनाचा देवाच्या खालोखाल विश्वास होता.

आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात वादळ आलं. शेडचं छप्पर उडून शेजाऱ्यांच्या कुंपणात जाऊन पडलं. रेझिनचं अर्धं पिंप जागचं हललं नाही, पण त्याचं बूच गेलं. नोनाने भोकात चिंधी कोंबली, वर ताडपत्री टाकली, आणि म्हणाली की बघू नंतर. नानाकुलीचा उन्हाळा म्हणजे काय विचारू नका. गवत पेटतं उभ्या उभ्या. ऑगस्टात छप्पर परत बसलं तोवर ते पिंप नऊ महिने उन्हात भाजून निघालं होतं. मग ते कोपऱ्यात सरकवलं, आणि नवीन पिंपातून कामं चालू झाली.

नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, नोनाच्या बहिणीचा मुलगा पालानी आला. पालानी माकाहाच्या किनाऱ्यावर जीवरक्षक होता. चाळिशीला आलेला, दाराच्या चौकटीएवढा रुंद. त्याचा बचावाचा मोठा बोर्ड आदल्या दिवशी मधोमध दुभंगला होता.

"आंटी, मला गुरुवारपर्यंत बोर्ड पाहिजे."

"मला नवीन गुडघे पाहिजेत. कुणी देतंय का?"

"थट्टा नको ना. शुक्रवारी उत्तरेकडून लाटा येतायत. मोठ्या."

"मग पोह. कशासाठी ठेवलंय तुला तिथे?"

"पोहून गेलो तर दोघं दमतो. बोर्ड असला तर तो माणूस वर पडून राहतो, मी ढकलत आणतो." पालानी घोडीवरच्या कोऱ्या फोमकडे बघत होता. अकरा फुटी, एलायजाच्या जुन्या साच्यावरून कोरून घेतलेला, त्याच्यासाठीच ठेवलेला. "हा तयारच आहे की."

"फोम तयार आहे. रेझिन कुठाय? माझं संपलं, जहाज तिकडे मुख्य अमेरिकेतच अडकलंय. होनोलुलूतसुद्धा कुणाकडे थेंब नाही, फोन करून झाले."

"ते कोपऱ्यातलं?"

"ते वादळातलं आहे."

"मग? चालेल की नाही?"

हा प्रश्न त्या अख्ख्या किनाऱ्यावर एकाच माणसाला विचारत असत, आणि तो माणूस नोना होती. ती म्हणाली, "बघते. तू जा, किनारा सोडून इथे काय उभा राहिलायस." पालानी गेला. तो दहा मिनिटं थांबला असता, पिंपाचा वास त्याच्या नाकात गेला असता, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती, पण त्याला तिनेच पिटाळलं.

तिने पिंप उघडलं. वर दुधावरच्या सायीसारखा जाड पापुद्रा आला होता. तो काढला तर खाली कोऱ्या चहाच्या रंगाचं, काठी बुडवली की तार धरणारं. सवयीने ती वाकली, जोरात श्वास घेतला. काहीच नाही. पाण्याचा हंडा हुंगावा तसं. शेजारी डोरीन कपडे वाळत घालत होती. "जरा इकडे ये गं, याचा वास घे," एवढंच म्हणायचं होतं. पण डोरीनला सांगणं म्हणजे संध्याकाळपर्यंत वायाने किनाऱ्याच्या पार टोकापर्यंत सांगणं. नोनाचं नाक गेलं, असं एकदा झालं की पुढच्या महिन्यापासून बोर्ड दुसरीकडे जाणार. सत्तावन्न वर्षांच्या विधवेला दुसरं कोण काय काम देणार होतं? नोनाने डोरीनला हाक मारली नाही.

तिने रेझिन जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळलं, पेल्यात घेतलं, थेंब मोजले. चौदाव्या मिनिटाला पेला थिजला. मग तापला, इतका की हातात धरवेना. तिला हायसं वाटलं.

आता हे नोनाला कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. पेल्यात रेझिनचा गोळा असतो, तो स्वतःच्याच उष्णतेने शिजून निघतो. तेच कापडावर पातळ पसरलं की ती ऊब राहत नाही, आणि मेलेलं रेझिन वरून धरल्यासारखं वाटून आतून कच्चं राहतं. हे तिने स्वतः डझनभर पोरांना शिकवलं होतं, शिव्या घालून शिकवलं होतं. पण कापडाच्या परीक्षेत बुधवार गेला असता, आणि गुरुवारी बोर्ड द्यायचा होता. शुक्रवारी पालानीला हात हलवत पाण्यात उतरावं लागलं असतं. तिने मनाची समजूत घातली की पेला इतका तापलाय त्या अर्थी जीव आहे यात. हार्डनरचे चार थेंब जास्त घातले आणि मंगळवारीच काच चढवली.

बुधवारी दुपारी मासाओ ओशिरो आला. मासाओ तिच्याकडे चढलेली काच घासून गुळगुळीत करायचं काम करायचा, अडुसष्ट वर्षांचा, मशीनच्या आवाजाने एक कान गेलेला. पाच मिनिटं घासून त्याने मशीन बंद केलं.

"नोना, घासकागद भरतोय. चिकट आहे."

"नवा लाव."

"नवाच आहे. हा कच्चा आहे अजून."

"मग उन्हात ठेव की तासभर. मी सांगायला पाहिजे का सगळं?"

उन्हात ठेवल्यावर वरचा थर कडक झाला. मासाओने अंगठ्याने दाबून पाहिलं. "वरून झालाय. आतलं मला दिसत नाही."

"तुला ऐकू पण येत नाही. घास."

मासाओ हसला आणि घासायला लागला. तो हसला म्हणून नोनाचा जीव भांड्यात पडला. गुरुवारी पालानी बोर्ड घेऊन गेला, जाताना तिच्या गालाचा मुका घेऊन.

शुक्रवारी तासियो पास्कुआ बुडाला.

तासियो खाणीवरच्या ट्रकचा ड्रायव्हर. रविवारी त्याच्या नातीचा पहिला वाढदिवस होता, आणि आमच्याकडे पहिल्या वाढदिवसाच्या जेवणात ओपिही नसेल तर लोक चार वर्षं नावं ठेवतात. ओपिहीची शिंपली खडकाला घट्ट चिकटलेली असतात, तीही लाट फुटते तिथेच, सुरीने खरवडून काढावी लागतात. तासियो पिशवी कमरेला बांधून माकाहापलीकडच्या टोकावर उतरला. लाटेने त्याला उचलला. वरून बघणाऱ्या कुणीतरी धावत जाऊन पालानीला सांगितलं, पालानी बोर्ड घेऊन गेला, आणि पाऊण तासाने अर्धा बोर्ड धरून एकटाच परत आला. प्रेत रविवारी सापडलं, केक कापायच्या ठरलेल्या वेळी.

पालानीने सगळ्यांना एकच सांगितलं. मी पोचलो तेव्हा तो गेलेला होता. बोर्ड मी खडकावर घातला. झालं, लोकांना तेवढंच पुरलं. दुकानासमोर, पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर एकच बोलणं, जाडा झालाय पालानी, हात चालत नाहीत, उशीर केला. ज्यांना गुडघाभर पाण्यात धाप लागते तेही बोलत होते.

सोमवारी तो बोर्डाचे दोन्ही तुकडे घेऊन नोनाकडे आला. शेडच्या दारात बसला आणि म्हणाला, "आंटी, तुला खरं सांगतो. कुणाला बोलू नकोस."

"बोल."

"मी वेळेवर पोचलो होतो. तो शुद्धीत होता. मी त्याला बोर्डवर घेतला, पोटावर पडला होता नीट, बोलत होता. काय बोलला तेही आठवतंय मला." त्याने ते सांगितलं, आणि सांगताना त्याला रडू फुटलं. "मग मोठी लाट आली आणि बोर्ड मोडला. त्याच्या हातात बोर्डाची वरची कातडी होती, आंटी, नुसती काच. ती घट्ट धरून तो खाली गेला. मला वाटतं मी खडकाच्या फार जवळून आणला, खाली घासला असणार. माझीच चूक. पण रेमीला काय सांगू, की तुझा नवरा वाचला होता आणि मी घालवला? गेलेलाच होता म्हटलं तर तिला निदान झोप तरी लागेल."

रेमी म्हणजे तासियोची बायको.

पालानी गेल्यावर नोनाने तुकडे घोडीवर ठेवले. खडकाची खूण कुठेच नव्हती. ओरखडा नाही, खड्डा नाही. तिने मोडलेल्या कडेला नख लावलं आणि काच उचलली. ती केळीच्या सालीसारखी निघत आली, हातभर, दोन हात, जोर न लावता. खालचा फोम कोरडा होता, रेझिन त्यात शिरलंच नव्हतं. काचेची आतली बाजू सहा दिवसांनीही बोटांना चिकटत होती. ती तिथेच जमिनीवर बसली. दुपारी मासाओ आला, त्याने ते पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि मशीनला हात न लावता घरी निघून गेला. तो पुढे कुणाजवळ एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर नोनाला सोपं गेलं असतं.

बुधवारी तासियोला पुरलं. पालानी मागे उभा होता. रेमीचा भाऊ त्याच्यासमोर आला, त्याच्या पायाशी थुंकला, आणि पालानीने मान खाली घातली. एवढा थोरला गडी शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला. त्याच संध्याकाळी त्याने नोकरीचा राजीनामा लिहून दिला. नोना हे सगळं बघत होती. तोंड उघडावं तर पालानी सुटत होता, पण मग रेमीला कळणार होतं की नवरा वाचता वाचता गेला. गप्प बसावं तर रेमीची झोप राहत होती, आणि पालानी जन्मभर त्या थुंकीत उभा राहत होता. आणि दोन्हीकडून नोनाचं स्वतःचं काय, हा विचारही येत होताच. तो येत नव्हता असं सांगितलं तर मी खोटं बोलेन. गप्प बसण्यात तिचा धंदा वाचत होता, आणि म्हणूनच गप्प बसण्याच्या बाजूने सुचणारं प्रत्येक कारण तिला घाण वाटायला लागलं.

तिने पालानीला सांगितलं नाही. त्याने तिला अडवलं असतं, आणि अडवलेलं तिला बरंच वाटलं असतं, हे ती ओळखून होती.

तासियोचं घर फिलिपिनी, तिथे माणूस गेला की नऊ दिवस प्रार्थना चालते. नवव्या दिवशी दुपारी, माणसं यायच्या आधी, नोना पातेलंभर कोंबडी आणि शेवया घेऊन रेमीकडे गेली. रेमी मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसली होती. काळ्या कपड्यांत अगदीच लहान दिसत होती.

"बसा आंटी. एवढं कशाला केलंत? तुमचे गुडघे दुखतात."

"रेमी, मला एक सांगायचंय. ऐकून घे, मग काय बोलायचं ते बोल."

तिने सांगितलं. पिंप, ताडपत्री, पेला. कापडाची परीक्षा घेतली नाही ते. मासाओने सांगितलं होतं ते. मग पाण्यातलं. तासियो बोर्डवर होता, पालानी वेळेवर पोचला होता, काच सुटली म्हणून तो गेला. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. रेमीचे हात तांदळात तसेच थांबले होते.

"तुम्हाला कळलं नाही, रेझिन खराब आहे ते? तुम्हाला, आंटी?"

"वासावरून कळतं. मला वास येत नाही. सहा वर्षं झाली."

"मग डोरीनला विचारायचं होतं."

"हो."

"तिचं घर लागून आहे तुमच्या."

"हो."

रेमीने ताट खाली ठेवलं. आत कुणीतरी खुर्च्या मांडत होतं. मग तिने विचारलं, "म्हणजे तो जिवंत होता. बोलत होता."

"हो."

"काय म्हणाला?"

नोनाला इथे खोटं बोलता आलं असतं. तुझं नाव घेतलं, देवाचं नाव घेतलं, काहीही चाललं असतं, रेमीने विश्वास ठेवला असता. पण खोटं सांगायला ती आली नव्हती, आणि आता मधूनच सुरू करण्याची ताकदही तिच्यात नव्हती.

"हसत होता म्हणे. म्हणाला, पिशवी गेली रे माझी, पाच शेर तरी होती. आणि म्हणाला, रेमीला सांगू नकोस मी या टोकावर उतरलो होतो. ती ओरडेल."

रेमी अंगणाकडे बघत राहिली. वाढदिवसासाठी बांधलेला मांडव अजून तसाच होता, कुणी सोडला नव्हता.

"ओरडले असते," ती म्हणाली. "दोन दिवस बोलले नसते त्याच्याशी."

मग तिने पातेलं उचलून नोनाच्या हातात परत दिलं. रागाने नाही, नीट, दोन्ही हातांनी धरून दिलं.

"पालानीला पाठवा," ती म्हणाली. "आणि तुम्ही परत येऊ नका, आंटी."